जमलेली ओळ

चाकूर

प्रिय दीपमाला,

लातूरच्या कॉलेजातलं तुझं व्याख्यान मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं आणि चहाच्या आधीच उठून एसटी पकडली. तू मला सगळीकडे शोधत होतीस, असं आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका लताबाईंनी नंतर सांगितलं. मी तेव्हा स्टँडवर होतो.

आतड्याभोवतीच्या चरबीत पहारेकरी पेशी राहतात, जंत शिरले की त्या इतरांना हाका मारतात, आतड्यात बुळबुळीत स्राव वाढतो आणि जंत बाहेर ढकलले जातात, हे तू उंदरांत पाहिलंस. या पेशींना कुणी शिकवावं लागत नाही, जन्मतःच येतं, असं म्हणून तू हसलीस. मला मात्र आपला सातवीचा वर्ग दिसू लागला. खिडकीबाहेर पिवळी करडई, आत डुलत डुलत कविता म्हणणारी तुम्ही मुलं. काय दिवस होते, असं मी आजवर गावभर सांगत आलो.

त्याच वर्गात जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस आला. रांगेत तू शेवटची. हात पुढे केलास आणि मला नेमकी तेव्हाच ओळ सुचली: ‘दीपमाला गुटगुटीत बाई, जंतांना इथे जागाच नाही!’ वर्ग खदखदला, पोरांनी बाकांवर ताल धरला. तूही हसलीस. हात हळूच मागे घेतलास.

पावसाळा सरता सरता तुझी आई शाळेत आली. “सर, पोरगी चोरून माती खायलीय. दोन पायऱ्या चढली की लई दमते. दिसायला जाड हाय, पर अंगात रगतच न्हाई.” डॉक्टरांनी जंत सांगितले. तुझं वर्ष बुडालं. मी तुझ्या आईला, तारामतीबाईंना म्हणालो, गोळ्या कमी पडल्या, हडकुळ्या पोरांना आधी दिल्या. त्या माउलीने मलाच हात जोडले.

परवा तू भर सभेत तेच सांगितलंस. सरांनी गरजूंचा आधी विचार केला, आणि जाड माणसाला जंत होतात का, हा माझा पहिला प्रश्न तिथून सुरू झाला. टाळ्या पडल्या. मला खुर्चीत बसवेना.

दीपमाला, गोळ्या कमी नव्हत्या. कपाटात अकरा उरल्या होत्या आणि तुझी तर माझ्या मुठीतच होती. ती दिली असती तर ओळ खोटी पडली असती. वर्ग हसत होता, जमलेली ओळ माझ्याने मोडवेना. दुसरं कारण खूप शोधलं, सापडत नाही.

रविवारी शाळेत तुझा सत्कार आहे आणि शाल माझ्याच हातून घेणार, असा तुझा हट्ट आहे. तो हात तुला माहीत असावा म्हणून हे लिहिलं. नको वाटलं तर लताबाईंना कळव, कारणही खुशाल सांग. मी मागच्या बाकावर बसेन. यावेळी ओळ म्हणणार नाही. खाली ‘सर’ लिहायला हात धजत नाही.

तुझाच,
मार्तंड