माझ्या वाफ्यातलं पाणी

७ जून
ट्वायलानं आज पुन्हा वाफ्यात खत ओतलं. ओरेगॉनच्या पावसातून उठून इथं टेक्सासात आली बाई, दोन वर्षं झाली शेजारी राहून, अजून अक्कल आलेली नाही. कोनफ्लॉवर आहेत ते! माळरानावरची झाडं, खडकाळ मातीत, रणरणत्या उन्हात फुलणारी. त्यांना खत — उद्या दूधभात भरवेल. तिची सगळी झाडं माजून आडवी पडली आहेत. "यंदा उंच झालीत जरा," म्हणते.

माझी बघ म्हणावं. मुळं धरेपर्यंत लाड, मग आठवड्याला एकदा पाणी, बस्स.

११ जून
गार्डन क्लबच्या बायका महिनाअखेरीस येणार. 'महिन्याची बाग' ही पाटी यंदा माझ्या अंगणात रोवली गेली नाही, तर त्या क्लबात पाय ठेवणार नाही. हार्लनला सांगितलं. म्हणाला, "कुठला क्लब?" एवढा संसार केला, या नवऱ्यानं माझं एक वाक्य धड ऐकलं असेल तर शपथ.

१५ जून
पानं मलूल. बुंधे काळे पडलेत. माती उकरली तर ओलीचिंब! पावसाचा पत्ता नाही, पालिकेनं पाणी घालायला आठवड्यातून एकच वार नेमून दिलाय, आणि माझा वाफा ओला? मुळं कुजतायत. पाणी कुंपणापलीकडूनच झिरपतंय, दुसरं कुठून येणार.

१६ जून
सापडली! सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं — ट्वायला माझ्या अंगणात, माझ्या नळाशी वाकलेली. मी बाहेर पोचेपर्यंत पसार. म्हणजे माझ्याच नळाचं पाणी चोरून आपल्या लाडक्यांना पाजते, आणि वर रोज हसून हात हलवते.

पालिकेला फोन केला. इथं सगळेच करतात. दुष्काळात शेजारी म्हणजे पोलीसच.

१८ जून
पालिकेचा माणूस आला. तिला दारात उभं करून विचारलं, "शेजारच्या नळाला हात लावलात?"

"लावला."

एवढंच. कारण नाही, माफी नाही. निर्लज्ज. समज देऊन तो गेला, तेव्हा तिनं माझ्या खिडकीकडे बघितलं. मीही बघितलं.

१९ जून
आता वाफा सुकेल. छान झोप लागली.

२१ जून
चर्चला एकटीच गेले. हार्लन गुडघा दुखतो म्हणाला. परत आले तर अंगणाचं तळं झालेलं, पाणी पार रस्त्यावर. हार्लन वाफ्यात उभा, बूट चिखलात, हातात पाइप.

"अरे, काय करतोयस?"

"पाणी घालतोय. बघ ना, कशी माना टाकून बसलीत. आठवडाभर कुणी घातलेलं दिसत नाही."

नळ बंद केला. त्याला आत नेलं, मोजे बदलले, थंडगार चहा दिला. निम्मा ग्लास पिऊन तो उठला. "जरा झाडांना पाणी घालून येतो," म्हणाला. "माना टाकून बसलीत बिचारी."

त्याचे पाय अजून ओले होते. मला फार भीती वाटली. अजून वाटते आहे.

२२ जून
ट्वायलाकडे गेले. दारातच विचारलं, माझ्या नळाशी काय करत होतीस?

"बंद करत होते. रोजच करायचे. हार्लन तसाच सोडून देतात."

"मग मला सांगायचं नाही का?"

"वसंतात आले होते ना सांगायला, व्हर्नाबाई. तुम्ही माझ्या खतावरून सुरू झालात."

"निदान त्या पालिकेच्या माणसाला तरी!"

"तो तुमच्या दारात आला असता. हार्लनना प्रश्न विचारत बसला असता."

मी तिच्या पायरीवरच बसले. कुंपणापलीकडे पाण्याचा आवाज सुरू झाला. ती उठली.

"बसा तुम्ही," म्हणाली. "मी जाते."