एंदांगचं झाड

प्रिय एंदांग,

इकडे मलांगला कडक ऊन पडलंय. इबूची, आपल्या आईची, तब्येत बरी आहे. काल केळीच्या पानात वाफवलेला भात दोनदा मागून खाल्ला. आईला भरवते मी, न्हाऊ घालते मी, आणि मला ती हाक मारते ‘नर्सबाई’. खिडकीतल्या लाल पानांच्या झाडाला मात्र रोज विचारायची, “एंदांग, जेवलीस का?” ईदला तू ते मकासारहून घेऊन आलीस, तेव्हापासून तिच्या लेखी तेच एंदांग. अकरा वर्षं या घरात मी राबतेय आणि लेकीची माया कुंडीला.

पाणी घातल्याचं विसरून ती दिवसातून दहादा पाणी घालायची. मला दिसत होतं. मी थांबवलं नाही. पानं पिवळी पडली, बुंधा बोटाला मऊ लागायला लागला, तरी गप्प बसले. खरं सांगू? बरं वाटत होतं. एके सकाळी ते आडवं झालं, तसं मी उचलून परसात टाकलं. इबू रिकाम्या खिडकीपाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “एंदांग गेली? मला कुणी सांगितलंच नाही.” मग दोन दिवस तिने घास घेतला नाही.

मी ते परत आणलं. सुरी उकळत्या पाण्यातून काढली आणि आतलं खोड पांढरं दिसेपर्यंत सडका भाग कापत गेले. तीन तुकडे निघाले. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, दिवसभर सावलीत सुकवले, भाताच्या जळक्या तुसात खोचले आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली. दोन कुजले. तिसऱ्याने महिन्याभराने मूळ धरलं. आता त्याला नवं पान आलंय. इबू पुन्हा त्याच्याशी बोलते. मी शेजारी भाजी निवडत ऐकते, आणि अजूनही जळते.

तू फोन केलास की मी सांगते ना, इबू झोपलीय, तिला तू आठवत नाहीस, उगाच येऊ नकोस. ते सगळं खोटं आहे. ती जागीच असते. तुझंच नाव घेत असते. पुढच्या आठवड्यातल्या जहाजाने ये. दार मी उघडेन. ती तुला ओळखेल, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जाईन. लगेच माझ्यामागे येऊ नकोस.

तुझीच म्बाक, थोरली बहीण,
सुलास्मी