घोडे चालले तर मोटार बंद

हिंगणी, ता. १८ जानेवारी १९८१

रेकॉर्डींच्या बाबतीत मला तीर्थरूप असलेल्या नरहरास मधू मास्तराचा हिंगणीहून साष्टांग नमस्कार. इकडे मी, सुनीती आणि तुझी रेकॉर्ड असे तिघेही सुखरूप आहोत. तुझा खोकला कसा आहे? मीरावहिनींच्या गुडघ्याने थंडीत पुन्हा डोकं वर काढलं असेल, तर मोहाचं तेल कोमट करून चोळायला सांग (सल्ला शेजारच्या कौशल्याबाईंचा आहे, माझा नाही, तेव्हा बिनधास्त ऐक). तुझं पोस्टकार्ड मिळालं. आठ दिवसांच्या बोलीवर नेलेली रेकॉर्ड तीन महिने झाले तरी परत आली नाही, आणि पंचवीस तारखेपर्यंत नागपूरला पोचली नाही तर आपली कॉलेजपासूनची मैत्री संपली, असं तू लिहिलंस. उघड्या कार्डावर लिहिलंस, त्यामुळे निम्म्या गावाने ते माझ्या आधी वाचलं, आणि गावाचं मत माझ्या बाजूने पडलं आहे. रेकॉर्ड येणार नाही. का येणार नाही ते शांतपणे वाच. शेवटी तूच मला शाबासकी देशील, याबद्दल मला शंका नाही.

त्या इटलीच्या संगीतकाराने नाव होण्याआधी घोडे-पिस्तुलांच्या सिनेमांना दिलेलं संगीत तू अकरा वर्षं जमवतो आहेस. पुढे त्याच्या हाताशी शंभर व्हायोलिनं आली, पण शिट्टी, चाबूक, घंटा आणि एक गिटार एवढ्या सामानात त्याने जे केलं तेच खरं, हे तुझं भाषण मला पाठ आहे. आणि ते ऐकायला आख्ख्या विदर्भात माझ्याशिवाय कोणी नाही, हे तुझं दुःखही मला माहीत आहे (वहिनी तर रेकॉर्डवर शिट्टी वाजली की कुकर उतरवायला उठतात). ते दुःख लक्षात ठेव, पुढे कामी येईल.

आता व्होल्टेजकडे वळतो. गव्हाला पाणी देणं सुरू झालं की इथे सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम लागतात, व्होल्टेज पडतं, आणि माझा रेकॉर्ड प्लेअर मंद होतो. पहिल्याच संध्याकाळी तुझे भरधाव घोडे दोन मिनिटांत पायी चालायला लागले आणि शिट्टीवाला रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखा वाजू लागला. हा त्या थोर माणसाचा अपमान आहे असं वाटून मी बंद करणार, तोच कुंपणापाशी खांद्यावर फावडं घेतलेले रूपराव थबकले. मागच्या हिवाळ्यात कमी व्होल्टेजवर चालवून त्यांची मोटार दोनदा जळली होती. त्यांनी दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाले, "मास्तर, घोडे चालून राह्यले. आज मोटार नाई लावत मी." त्यांच्या शेजारच्या वावरातल्या चंद्रभानने घोड्यांकडे लक्ष दिलं नाही आणि मोटार लावली. ती जळली.

त्या दिवसापासून तुझ्या संगीतकाराची हिंगणीत पत वाढली. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी चारला मी रेकॉर्ड लावतो आणि ओट्यावर मंडळी जमतात. घोडे पळाले तर मोटार लावायची, दुडक्या चालीने गेले तर थोडं थांबायचं, चालले तर बंद. मी दोन दिवस वर्ध्याला गेलो होतो तेव्हा हे काम सुनीतीने केलं (माझ्यापेक्षा वेळेवर केलं, असं मला चार जणांनी न विचारता सांगितलं). दोन महिन्यांत गावात एकही मोटार जळलेली नाही. शिवाय एक गोष्ट तुला मित्र म्हणून सांगतो. कमी व्होल्टेजवर घंटेचा नाद कुठवर जातो आणि शिट्टीच्या आधी माणूस कसा श्वास घेतो, हे लख्ख ऐकू येतं. तू ते नागपूरच्या पूर्ण व्होल्टेजवर ऐकलंस, म्हणजे घाईघाईतच ऐकलंस. असा अधिकारी श्रोतृवर्ग सोडून रेकॉर्ड तुझ्या कपाटात परत पाठवणं मला पाप वाटतं. उद्या गहू वाळला तर ते तुझ्या माथी येईल.

तुझा (पंचवीस तारखेपर्यंत तरी) मित्र,
मधू

ता. क. रेकॉर्ड अगदी नव्यासारखी आहे. एक बारीक ओरखडा पडला आहे. चाबूक पूर्वी तीनदा वाजायचा, आता मी बोटाने सुई पुढे ढकलेपर्यंत वाजतो. चंद्रभानला तो भाग आता जास्त आवडतो.

आणखी ता. क. सुनीतीने पत्र वाचलं आणि हे असंच पाठवलंस तर मी स्वतः नरहरभाऊजींना लिहीन म्हणाली, म्हणून लिहितो. मागच्या रविवारी रूपरावांनी वर्ध्याहून व्होल्टेजचा काटा आणून मोटारीपाशी बसवला. आता गावाला घोड्यांची गरज नाही. मी मुकाट्याने रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून तुझ्याकडे आणायला पिशवीत ठेवली, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. चारला बाहेर पाहतो तर ओट्यावर अकरा माणसं. मी म्हटलं, अहो, आता काटा आला ना. रूपराव म्हणाले, "थे ठाऊक हाय मास्तर, मोटार लावूनच आलो. तुमी लावा. तो शिटीवाला वाजवाच्या आधी दम घेते ना, थे आयकाचं हाय." त्या दिवशी त्यांनी दुसरी बाजूही लावायला लावली, जिच्यात एकसुद्धा घोडा नाही.

शेवटचा ता. क. तेव्हा पंचवीसला रेकॉर्ड न्यायला तूच ये. रविवार आहे. येताना कपाटातल्या बाकीच्याही आण आणि ते भाषण विसरू नकोस. भाषण किती वेळ चालतं, असं रूपरावांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, दीड तास. ते जरा विचार करून म्हणाले, "मंग त्या दिवशी मोटार बंद करूनच येतो."