घरटी एक वाटा

भादवा, सोमवार, सन १९३६
संग्रामपूरच्या वर, सातपुड्यातून

चि. मोतीराम कंपाउंडर यास आजीचा आशीर्वाद. लागला तं लागू दे.

इकडं बकऱ्या बऱ्या हायेत. मका कमरेएवढा झाला. आपली कोरकू लिवता येत नाई, मिशनच्या बाईनं मराठी अक्षरंच शिकवली, म्हणून मराठीत लिवते. शिव्या कोरकूतल्या समज.

तुह्या भाचीसाठी, सोनायसाठी, मी दवाखान्यातून थंडीतापाची बाटली आणली. वर कातरलेली कागदाची पट्टी, आठ खुणा. तुमच्यात ते आठ वेळचं माप असन. इथं घरं आठ. रानडुक्कर मारलं तरी आपल्यात घरटी वाटा पडते, हे मी तुले सांगू? तुळशीराम भुमका, तुमचे शहरातले ज्याले भगत म्हणतेत, ज्याचा अंगारा खाऊन तू वाढला, खुणा मोजून म्हणे, “पाहा बे, पोरगा गाव विसरला नाई. बरोबर वाटे पाडून धाडले.” बायांनी तुह्यं कौतुक केलं. मी कोणत्या तोंडानं नाई म्हणू? कसं पाजाचं ते मले कोणी सांगितलंच नव्हतं. साऱ्या घरची लेकरं एकेक घोट प्याली, कडू म्हणून थुकली. सोनायलेही एकच घोट.

ताप काऊन उतरन?

मंग भुमक्यानं विळा तापवला अन् तिच्या पोटावर डाग देले. म्हणे, ताप पोटात दडला, चटक्यानं निघते. मी शेतातून आली तं पोरीत रडाचंही बळ नव्हतं. विळा हिसकला. म्हटलं, “तुह्या पोटावर ठेवू का?” मेला रडला. पण सारी रात तोच तिच्यापाशी बसून होता. तो चुकला, जवळ बसून चुकला.

अन् तू? हे लिवाचं नव्हतं, पण लिवते. बाटली घेताना मी कोरकूत विचारलं, कशी पाजू? बाजूले डाक्टर उभा. तू मले वळखलंच नाई. “बाई, पट्टी पाहून द्या,” म्हटलं अन् पुढच्याले हाक मारली. बाई! तुही नाळ म्या पुरली. आपल्या बोलीत एक शब्द बोलला असता तं पाटलून मळली असती का रे?

चिठ्ठी जंगलखात्याच्या नाकेदारासंग घोड्यावर पुढं येते. मी सोनायले पाठीशी बांधून पायी निघाली. अंग तापलंच हाये, डाग चिघळले, पण पाणी गिळते. बाहेर झाडाखाली बसाची नाई, सरळ आत येते. डाक्टर भुमक्याले शिव्या देईन, देऊ दे. तू तोंड उघड. ही माही भाची हाये, म्हण. कसं पाजाचं ते मले कोरकूत सांग, साऱ्यांदेखत.

नाई सांगितलं तं पोरगी वाचली तरी तिले मामा नाई.

तुह्या मायची माय