चिंचेखालची बैठक

३ एप्रिल, सकाळ
ट्रेलर रिव्हर्स घेताना आमच्या अंगणातल्या चिंचेला ठोकला. मोठी फांदी खाली, बुंध्याला भेग. ड्रायव्हर सॉरी म्हणाला, मी मोठ्या मनाने माफ केलं. दुपारच्या बैठकीला विषय झाला.

४ एप्रिल
ठाण्याहून प्रितेशचा फोन. बाबा, झाड कोणाच्या डोक्यात पडायच्या आत तोडा आणि इकडे राहायला या, म्हणतो. म्हटलं, पूर्णा गाव सोडून कसा येऊ? समोरच्या गोडाऊनचे ड्रायव्हर रोज माझे अनुभव ऐकायला येतात. तर म्हणाला, ते सावलीला येतात, बाबा. सुनेने मागून त्याला गप्प केलेलं ऐकू आलं. मृणाली समजूतदार आहे.

दुपारी मुद्दाम मोजले. अकरा जण. खाडीत बुडता बुडता वाचलो, ती गोष्ट सुरू केली. गोडाऊनच्या गेटवरून गाडीचा नंबर पुकारला की एकेक जण अर्ध्या वाक्यात उठतो. शिस्तीची माणसं. मी वाचतो तो भाग मात्र अजून कोणी ऐकलेला नाही.

७ एप्रिल
निजामपुऱ्याहून वखारवाला लतीफ आला. भेगेत बोट घातलं, बुंध्यावर थाप मारली. म्हणाला, चाचा, झाड जिंदा हाय. वजनाच्या फांद्या उतरवू, लोखंडी पट्टा मारू, मरायचं न्हाय. विचार करतो म्हटलं.

८ एप्रिल
बैठकीत आता फक्त झाडाची चौकशी. एक जण रोज भेग बघून हळहळतो. माझ्या गुडघ्याचं दहा वर्षांत कोणी विचारलं नाही.

१० एप्रिल
निर्णय झाला. झाड काढायचं. कारण सुरक्षितता. माणसं सावलीला येत नाहीत हे प्रितेशला दाखवून द्यायचं आहे, पण ते दुय्यम. परवानगीचा अर्ज दिला. लतीफने दोनदा विचारलं, पक्का? पक्का.

ही चिंच कमळने आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी लावली. लावली कसली, आमटीचे चिंचोके मागच्या दारातून भिरकावले, त्यातला एक रुजला. तेव्हा उगाच हळवं होण्यात अर्थ नाही.

२४ एप्रिल
परवानगी आली, झाड काढलं. तीन तास मशीन चालू होतं. मी आत टीव्ही मोठा करून बसलो. मॅच महत्त्वाची होती. कोणाची, ते बघायचं राहिलं.

बैठकीसाठी सहा नव्या खुर्च्या आणल्या.

२५ एप्रिल
कोणी नाही. गाड्या कमी असतील.

२६ एप्रिल
गाड्या चौदा. कोणी नाही. एक जण माठातलं पाणी प्यायला, पेड कहाँ गया चाचा विचारलं आणि गेला. बस म्हणायच्या आत.

२८ एप्रिल
उलगडा झाला. सगळे आपापल्या गाडीच्या सावलीत बसतात. बिचाऱ्यांना उन्हामुळे माझ्यापर्यंत येता येत नाही. उद्या बैठक मीच तिकडे नेणार.

२९ एप्रिल, दुपारी दोन
खुर्ची घेऊन यार्डात गेलो. एका ट्रेलरच्या सावलीत चौघं होते, सरकून जागा दिली. फार बरं वाटलं. पाच दिवस कोणाशी धड बोललो नव्हतो. खाडीची गोष्ट पहिल्यापासून घेतली. नाकातोंडात पाणी जाईपर्यंत आलो आणि नंबर पुकारला. चौघं उठले. चाचा, जरा कुर्सी, म्हणाले. मी खुर्ची बाजूला घेतली. ट्रेलर गेला, सावली त्याच्याबरोबर गेली. भर उन्हात खुर्चीवर मी, आणि गोष्टीत अजून पाण्यातच.

संध्याकाळ
प्रितेशला फोन केला. तुमच्या बिल्डिंगखाली झाड आहे का, विचारलं. आहे म्हणाला. कसलं, ते त्याला सांगता येईना.

त्याखाली कोणी बसतं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.