मामाकडून शिकलेलं काम

११ जानेवारी १९८८, सोमवार

कृष्णातला आज कामावरून काढलं. माझ्या शेजारच्या टर्मिनलवर बसायचा. मालक साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बाहेर आला तो सरळ दाराकडे. कंप्युटरच्या खोलीत धूळ नको म्हणून आम्ही अनवाणी असतो, चपला सगळ्यांच्या बाहेर. त्याला स्वतःचीच चप्पल सापडेना. कुणी उठलं नाही. शेवटी मी जाऊन शोधून दिली. म्हणाला, नंदगडला जातो, घरी भाताची मळणी चाललीय, दोन हात उपयोगी पडतील. एवढं बोलून गेला. बी.एस्सी.ला पहिला आलेला पोरगा!

पतसंस्थांचं काम दुसऱ्या कुणी पळवलं तेव्हापासून हे सुरू आहे. ज्याच्या हातात काम नाही तो आधी. साठ-सत्तर माणसांची कंपनी, बेळगावात कंप्युटरची एवढी मोठी दुसरी नाही — नोकरी लागली तेव्हा हे मीच घरी मोठ्या तोंडानं सांगितलं होतं.

माझ्या हातात काम नाही. जुने प्रोग्रॅम उघडते, वाचते, बंद करते. परशराम सर मागून गेले की बोटं उगीचच चालायला लागतात. सर आमच्या टीमचे प्रमुख. त्यांना कळत असणारच.

१२ जानेवारी

आज कुणाला बोलावलं नाही.

१७ जानेवारी, रविवार

निपाणीला जाऊन आले. आईला काही सांगायचं नाही असं ठरवूनच गेले होते. तंबाखूच्या वखारीत धुळीत उभं राहून राहून तिची छाती गेली. आता बोलता बोलता थांबते, श्वास घेते, मग वाक्य पुरं करते. तिचं सगळं माझ्या नोकरीवर.

पण भरमूमामा समोर जेवायला बसला आणि मी सगळं बोलून गेले. आई पाणी भरायला गेली होती तेवढ्यात. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कल्लाप्पा शेटच्या वखारीत हजेरी आणि पगाराचा कारकून. वडील गेल्यावर मला त्यानंच शिकवलं. त्या वखारीत आमच्या समाजाची माणसं पोती उचलायला आणि बायका तंबाखू निवडायला. लिहायच्या कामावर घेतलेला आमच्यातला पहिला मामा. सुरुवातीला त्याला बाहेर पायरीवर बसून हजेरी लिहायला लावत. पावसाळ्यात कागद भिजायला लागले तेव्हा आत घेतलं. कागदांसाठी — हे तो हसत सांगतो.

माझं ऐकून घेतलं. तुमची कंपनी कसली कसली कामं करते विचारलं. मी सांगत बसले. आमटी निवून गेली.

२२ जानेवारी

परशराम सर म्हणाले, महिनाअखेर आणखी काही जण जातील. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, म्हणूनच भीती वाटली. डबा तसाच परत आणला. इथं बेळगावात शहापूरला खोली घेतली तेव्हा शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटाचा राग यायचा. आता दिवसभर ऐकते आणि वाटतं, त्यांच्याकडे काम आहे.

८ फेब्रुवारी, सोमवार

काम आलं! सरांनी बोलावलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी. म्हणाले, निपाणीची एक तंबाखूची वखार आहे, हजेरी-पगार सगळं कंप्युटरवर घ्यायचंय, तू तिकडचीच, तूच कर. मी जवळजवळ रडले. मग विचारलं, कुठली वखार?

कल्लाप्पा शेटची.

मी विचारलं, तिथल्या कारकुनाचं काय होईल. सर म्हणाले, "ते शेट बघतील. तू आधी जाऊन त्याच्याकडून सगळं काम शिकून घे. नीट शिक, त्याच्याशिवाय चाललं पाहिजे."

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मामा आहे तो माझा, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं आणि मी कृष्णातसारखी चपला शोधत बसले असते. मामाचं काम कसंही जाणारच होतं — असं स्वतःला सांगते आहे. पटत नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या गाडीनं संकेश्वरवरून निपाणी. वखारीत पाय ठेवला आणि शिंका सुरू. बायका हसल्या. भरमूची भाची, बेळगावास्नं आलीय, कंप्युटरच्या मिशनवर काम करती — एकमेकींना सांगत होत्या. गंगव्वा म्हणून आईच्या बरोबरीची आहे, तिनं पदरानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

मामानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला शेजारी बसवून सगळं शिकवायला लागला. निवडणाऱ्यांची हजेरी वेगळी, पोत्यांवरच्यांची वेगळी, अर्धा दिवस कसा धरायचा, सणाची सुट्टी कशी. मी वहीत उतरवत होते. मधेच थांबून विचारायचा, कळलं का गं? शाळेत असताना गणित शिकवायचा तेव्हा असंच विचारायचा.

मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

२ मार्च

रोज जाते-येते. रोज ठरवते, आज सांगायचं. बस संकेश्वरला थांबते, उसाच्या गाड्यांमागे अडकते, तेवढ्या वेळात वाक्यं जुळवते. वखारीत पोचले की सगळी विसरते.

११ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

दुपारची जेवणाची सुट्टी होती, बायका अंगणात बसल्या होत्या. मामा डबा सोडत होता. मी म्हटलं, "मामा, हे चालू झालं की तुम्हाला इथं काम राहणार नाही."

त्यानं भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "ठावं हाय मला. शेटनी दिवाळीतच पुण्याचा माणूस बोलावला हुता. मिशन येनारच हुतं, इंदू. तू त्या रविवारी बोललीस, दुसऱ्या दिशी मी शेटकडं गेलतो. म्हटलं, आनायचंच हाय तर माझ्या भाचीच्या कंपनीकडनं आना."

मी वही मिटून बाजूला ठेवली. तो पुढं म्हणाला,

"माझं जायाचंच हाय. मग दुसऱ्या कुनाची नोकरी राहन्यापरास तुझी राहू दे. आईला सांगू नको. जेव."

जेवले मी. घास गिळत होते आणि तो उद्या काय शिकवायचं ते सांगत होता.

१४ मार्च, सोमवार

साहेबांच्या केबिनमध्ये गेले, कधी नव्हे ते स्वतःहून. म्हटलं, मशीन चालवायला तिथं कुणीतरी लागेलच, तो जुना कारकूनच ठेवा असं शेटना सांगा, मी त्याला तयार करते. साहेबांच्या हातात बंगळूरच्या गाडीचं तिकीट होतं. हल्ली सारखे बंगळूरला असतात. म्हणाले, गिऱ्हाइकाच्या घरात आपण शिरायचं नाही.

मग मी निपाणीला शेटपुढंच जाऊन उभी राहिले. मामा शिकेल, मी शिकवते त्याला, म्हटलं. शेट कानडीत म्हणाले, नोडोण, बघू. नाही म्हणाले नाहीत!

१४ एप्रिल

वखारीतून सुट्टी घेऊन सगळे जयंतीला. मामा पांढऱ्या कपड्यात मिरवणुकीच्या पुढं. मी मागून बघत होते. वाटलं, होईल सगळं नीट.

२ मे, सोमवार

मशीन बसलं. मामाला शिकवते आहे. एका बोटानं मारतो, अक्षर सापडेपर्यंत ओठ आवळून धरतो. चुकलं की माझी माफी मागतो — मामा, माझी! पण येतंय त्याला. परवा वीज गेली, सगळं पुसलं गेलं असं वाटून घामाघूम झाला. वीज आली, नोंदी जागच्या जागी दिसल्या तेव्हा लहान मुलासारखा हसला. आज अख्ख्या आठवड्याची हजेरी त्यानं एकट्यानं घातली. मी नुसती शेजारी बसले.

परशराम सरांनाही आता सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. शेटना फोन करतो म्हणाले, आणि खरंच केला.

३० मे, सोमवार

शेटच्या मेव्हण्याचा मुलगा आला. कॉमर्सचा, घरचा माणूस. उद्यापासून मशीनवर तो बसणार.

मामाला शाल दिली, नारळ दिला. शेट वाईट नाही बोलले, प्रामाणिक माणूस म्हणाले सगळ्यांपुढं. मामा हात जोडून उभा होता. मग त्या मुलाला म्हणाला, बसा, आणि स्वतः बाजूला झाला.

मला दिवसभर त्या मुलाला शिकवावं लागलं. तेच सगळं — अर्धा दिवस कसा धरायचा, सणाची सुट्टी कशी. मामानं सांगितलेले शब्द माझ्या तोंडून येत होते. बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. गंगव्वा समोरून गेली, मान खाली. चहा कुणी सांगितला नाही. बरोबर आहे त्यांचं.

५ जून, रविवार

आईला कळलंच. वखारीतल्याच कुणीतरी सांगितलं. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. भाकरी केली, वाढली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मामा तिला समजावत होता, पोरीचा काय दोष? ती ऐकत नव्हती.

मामा काम शोधतोय. या वयात कोण घेणार? बाकीच्या वखारवाल्यांनी आमच्या कंपनीत चौकशी केलीय, त्यांनाही मशीन हवंय. सर म्हणाले, तुझं काम नावाजलं गेलं.

१७ जून

नवीन वखारीचं काम मला द्यायचं चाललंय. तिथंही कुणीतरी कारकून असेल. मला शेजारी बसवून शिकवेल.

नको म्हणायचं धाडस नाही. मामानं ज्यासाठी एवढं केलं ती नोकरी मी सोडली तर त्याला काय वाटेल? आणि नाही सोडली तर — आज ऑफिसात पडद्याकडे बघत नुसती बसून राहिले. आता हातात काम आहे आणि बोटं चालत नाहीत.

२७ जून, सोमवार

ऑफिसला कुलूप. जिन्यावर सगळे उभे. साहेबांनी कंपनी बंगळूरच्या लोकांना विकली, शनिवारी रात्रीच ट्रक आणून मशीनं नेली म्हणे. माणसं नकोत त्यांना. परशराम सर पायरीवर बसून होते. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

पाऊस लागून राहिलाय. खोलीत बसून आहे. मामाला कुठल्या तोंडानं सांगू?

२९ जून, बुधवार

निपाणीला आले. सांगितलं. मामा उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "आक्का, आज तिघांचं एकत्रच वाढ. इंदूला बी आता कुठं जायाचं न्हाय." आत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईनं कूस बदलली. उठून बसली आणि माझ्या हाताला धरून स्वतःजवळ ओढलं.