भेदरलेली छिन्नी

त्या सकाळी सडा घालून झाला होता आणि भट्टीजवळची डोणी मी पाण्याने भरून दिली होती. भरणे माझे, पोलादाला पाणी पाजणे ह्यांचे. भीती तिथलीच आहे, म्हणून तिथूनच लिहिते.

मी कोकिळाबाई, कै. डोमाजी बावणे लोहार यांची विधवा, राहणार हिंगणघाट, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहिते. अक्षर माझेच, पुडीच्या कागदांवरून शिकलेले.

राहते घर जाऊबाई तानाबाई यांस. ह्यांच्यामागे त्यांनी मला जेवू घातले. टोमणेही मारले, ते परत करत नाही.

भाता, ऐरण, सांडशी, घण त्यांचा मुलगा प्रेमदास यास. छिन्नी नाही.

हे म्हणत, "लाल पोलाद एकदम पाण्यात गेलं का भेदरून ताठ होते. धार कडक, पण काळीज काचेचं. मंग मंद आचेवर धरून त्याचं भेव काढा लागते." घासलेल्या अंगावर आधी कडब्याचा पिवळा रंग चढतो, मागून वांग्याचा जांभळा. तिथे थांबायचे.

त्या सकाळी दोन छिन्न्या पाण्यातून निघाल्या होत्या, आचेवर जायच्या होत्या. कापसाच्या जिनातले मुकादम मोतीलाल छिन्न्यांसाठी ताटकळले होते.

"चमकून तं राह्यली, मिस्त्री. आता काय हळद लावता तिले?"

"थांबा. भेव निघू द्या."

मुकादमांनी हसत एक उचलली, ऐरणीवरच्या पट्टीवर टेकवून घण घातला. छिन्नीचा तुकडा ह्यांच्या गळ्यात शिरला.

मी फिर्याद केली नाही. मोतीलाल यांनी माझ्या तिरडीला हात लावू नये, एवढेच.

दुसरी छिन्नी आढ्याला फडक्यात बांधलेली आहे. दिसायला चांगल्या छिन्नीसारखीच. फेकली तर कोणी उचलेल, पुरली तर कोणी खणून काढेल. प्रेमदास विचारतो, "मोठे माय, त्या फडक्यात काय हाय?" मी म्हणते, "साप." माझे डोळे मिटले की तो गाठ सोडेल, ह्या धास्तीने मला झोप नाही. म्हणून ती तशीच माझ्या चितेत ठेवावी. लाल होऊन राखेत सावकाश निवली की मऊ पडेल, मग कोणाला भय नाही.

सही : कोकिळाबाई डोमाजी बावणे
साक्षीदार : प्रभाकरराव (शिक्षक), तानबा (शेजारी)
हिंगणघाट, ता. १२ मार्च १९५४

सहीनंतर दोन दिवसांनी, त्याच साक्षीदारांसमोर जोडलेले : सहीच्या दिवशी वाचून दाखवल्यावर तानबा म्हणाला, "वहिनी, साप हाय तं मेल्यावर काऊन मारता?" चितेचे कलम आता रद्द समजावे, छिन्नीही प्रेमदासचीच. दुसऱ्या दिवशी मी भट्टी पेटवली, त्याला भात्यावर बसवले, फडके सोडले आणि छिन्नी जांभळी होईपर्यंत आचेवर धरली.